भिंतीत बसलेला माणूस

"या पृथ्वीवर जे जे घडतं त्याला शास्त्रीय कारण असतं," चारुदत्त पेंडसे म्हणाला. "ते सापडलं नाही, तर दोष शोधणाऱ्याचा." हे बोलण्यापूर्वी त्याने हॉलमधले सगळे दिवे लावले होते आणि सोफा भिंतीपासून चांगला दोन हात पुढे ओढून घेतला होता.

भिंतीत कुणीतरी बसलं होतं.

ओल होती ती, हे उघड होतं. पण ओलीला डोकं होतं. खाली आखूड मान, मग उतरते खांदे आणि मांडी घालून बसल्यासारखा रुंद पसारा. अंगभर बारीक थेंब फुटले होते, आणि कपाळावरून एक ओघळ सावकाश खाली येत होता. सिंगापूरच्या पुंगोल भागात दुपारचा पाऊस पडून गेला आणि हवा दमट झाली, की तो दिसायला लागे. हात लावला तर भिंत गार लागे. नुसती गार नव्हे; ज्या गारपणाबद्दल घरात मुलांसमोर बोलत नाहीत, तशी.

"खाली चिनी शेजारी मेलेल्यांसाठी रोज कागद जाळतायत, चारू," त्याची बायको मधुवंती कुजबुजली. "त्यांचा भुतांचा महिना चालू आहे."

"त्यांचा भुतांचा, आपला श्रावण. पाऊस दोघांना तोच पडतो. पाइप गळतोय."

चारुदत्त तांजोंग पगारच्या एका बँकेत रिस्क मॅनेजर होता; धोके आधी ओळखण्याचा त्याला पगार मिळे. या वेळी धोका शनिवारी येणार होता. घरमालकीण मिसेस कोह फ्लॅट बघायला येणार होत्या. त्यांच्या पुतण्याचं लग्न ठरलं होतं, आणि भाडेकरार वाढवायचा की पुतण्याला चावी द्यायची, हे त्या "सी फर्स्ट" म्हणून लांबवत होत्या. फ्लॅट गेला तर त्यांच्या मुलीची, इराची, शाळा जाणार. जुरोंग ईस्टहून इकडे आल्यावर वर्षभर तिच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. आत्ता कुठे तिला मैत्रिणी मिळाल्या होत्या. परवाच तिने विचारलं होतं, "वी आर नॉट मूव्हिंग अगेन, राइट?" आणि चारुदत्तने "छे!" म्हणून सांगितलं होतं.

प्लंबर आला. त्याने भिंत ठोकून पाहिली, कान लावला. "या भिंतीत पाइपच नाही," म्हणाला. मग दोन पावलं मागे सरून त्याने पहिल्यांदाच तो अख्खा आकार पाहिला. अवजारं पिशवीत भरली, बूट हातात घेतले आणि ते न घालताच लिफ्ट गाठली.

"पाइप नाही, पण भिंत गुणगुणत होती," मधुवंती म्हणाली. "त्यानेही ऐकलं. चेहरा बघितलास ना त्याचा?"

गुणगुणत होती खरी. कान टेकवला की आतून एक खोल, संथ हुंकार येई. चारुदत्तने तो जवळून धावणाऱ्या एलआरटी गाडीच्या नावावर टाकला. एलआरटी रात्री बंद झाल्यावरही तो चालूच राहिला, तेव्हा त्याने कान टेकवणं बंद केलं.

भिंतीपलीकडे एक जादा खोली होती. श्रावणापुरती ती त्याच्या आईच्या, अरुणाबाईंच्या, ताब्यात होती. पुण्याहून आल्याबरोबर अरुणाबाईंनी साबुदाण्याचे पापड घालून बाल्कनीत ठेवले होते आणि त्यांवर बुरशी धरल्यावर या देशाबद्दल आपलं मत कायमचं ठरवलं होतं. "एवढं ऊन, आणि वाळत काही नाही!" मग त्यांनी वाळवणाचा विषय बंद केला आणि त्या खोलीत देव मांडून सोवळं पाळायला सुरुवात केली. आंघोळ केल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. चारुदत्तने तत्त्वाचा प्रश्न म्हणून जाहीर केलं की, आंघोळ करूनही आपण सोवळ्याच्या खोलीत शिरणार नाही. अरुणाबाई "बरं" म्हणाल्या. एरवी कशालाच इतक्या पटकन त्या बरं म्हणत नसत.

"बाबा, इट्स कन्डेन्सेशन लाह," इरा म्हणाली. ती सेकंडरी वनमध्ये, म्हणजे सातवीत होती आणि शाळेत पाऊस, ढग, लाटा असं काहीतरी चाललं होतं. तिने बर्फ घातलेला ग्लास वर धरला. "बघ, बाहेरून ओला. हवेतलं पाणी गार गोष्टीवर बसतं. भिंत पलीकडून गार असेल तर..."

"भिंत म्हणजे काय ग्लास आहे?" चारुदत्त हसला. "खोली गार व्हायला एसी लागतो. आणि या घरात एसी लावतं कोण? पंख्यावर वाढलेली माणसं आपण."

अरुणाबाई लगबगीने उठल्या.

"चहा टाकू का?" अरुणाबाईंनी विचारलं.

बुधवारी माणूस उठून उभा राहिला.

चारुदत्त ऑफिसातून आला तेव्हा मधुवंती इराला पोटाशी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कालची मांडी नव्हती. भिंतीवर उंच, अरुंद आकार होता, डोकं जवळजवळ छताला लागलेलं, आणि अंगापासून एक हात बाहेर निघून सरळ मुख्य दाराकडे रोखलेला. बोटांच्या टोकांतून पाणी ठिबकत होतं.

"'निघा' म्हणतोय," मधुवंती म्हणाली. "आपल्याला निघा म्हणतोय, चारू."

"ओल पसरली आहे."

"पसरली? त्याची मांडी कुठे गेली मग?"

याला शास्त्रीय उत्तर होतं, पण ते चारुदत्तला त्या क्षणी आठवेना. त्या रात्री चौघेही एकाच खोलीत झोपले. चारुदत्त दाराजवळ झोपला. वारा येतो म्हणून, असं त्याने सांगितलं.

भिंत पुसली, तो परत आला. रंग दिला, तर रंगाचा फुगा होऊन त्याला पोट आलं. पुढे कपाट आणून ठेवलं, तर हात कपाटाबाहेर राहिला, आणि नुसता हात अख्ख्या माणसापेक्षा वाईट दिसला. कपाट परत गेलं. शनिवारी सकाळी माणूस तसाच उभा होता, दार दाखवत.

"पाहुणी यायची आहे, निदान नीट लुगडं तरी नेसते," म्हणून अरुणाबाई सोवळ्याच्या खोलीत गेल्या आणि दार लावून बराच वेळ खुडबुडत राहिल्या. पुढे दिवसभर कुणी हॉलमध्ये पाऊल ठेवलं नाही. दुपारी पाऊस झाला. संध्याकाळी बेल वाजली.

मिसेस कोह बूट काढून आत आल्या. त्यांना खिडकीबाहेरची खाडी दाखवायची, असं चारुदत्तने ठरवलं होतं, पण तो तोंड उघडेपर्यंत त्या भिंतीकडे वळल्या होत्या. त्यांच्या हातातली पर्स खाली पडली. चारुदत्तनेही बघितलं, आणि त्याच्या मानेवरचे केस ताठ झाले.

माणूस खाली बसला होता. मांडी घालून, खांदे सैल सोडून. रोखलेला हात गेला होता. पोट तेवढं राहिलं होतं.

"माय हजबंड," मिसेस कोह म्हणाल्या.

"काय म्हणते गं?" अरुणाबाईंनी विचारलं.

"तिचे वारलेले मिस्टर आहेत म्हणे, आई," मधुवंती म्हणाली.

"अगं बाई!" अरुणाबाईंनी डोक्यावर पदर घेतला.

मिसेस कोह भिंतीजवळ गेल्या आणि ओल्या पोटावर हात ठेवून बराच वेळ हलक्या आवाजात काहीतरी बोलत राहिल्या. भिंत हुंकार देत होती. अरुणाबाईंनी एक संत्रं आणून भिंतीपाशी ठेवलं. मिसेस कोहनी डोळे पुसले आणि वळून चारुदत्तचे दोन्ही हात धरले.

"ही नेव्हर सिट डाउन वन. व्होल लाइफ, वॉक, वॉक, शाउट, शाउट. युवर हाउस, ही सिट." पुतण्याला दुसरीकडे घर बघू दे, म्हणाल्या. करार तिथेच डायनिंग टेबलावर वाढला. जाताना त्यांनी एवढंच सांगितलं, की दर वर्षी याच महिन्यात आपण त्यांना भेटायला येऊ.

दार लागल्यावर चारुदत्तला आईची सकाळची खुडबुड आठवली. तो उठला आणि तत्त्व सोडून सोवळ्याच्या खोलीत शिरला. दाराखालच्या फटीत जुनं पातळ कोंबलेलं होतं. आत हिमालय होता. एसी सोळावर घुमत होता आणि पलंगभर प्लास्टिकवर साबुदाण्याचे पापड ओळीने कडक वाळत पडले होते. पलंगावरच्या सगळ्या बॅगा भिंतीला लावून रचल्या होत्या. बॅगांनी झाकलेली भिंत उबदार, कोरडी. एसीचा झोत लागायचा तो फक्त मधल्या मोकळ्या जागेवर. त्या जागेला डोकं होतं, मान होती, खांदे होते.

"बुधवारी पोळपाट हवा होता, म्हणून बॅगा हलवल्या," अरुणाबाई मागून म्हणाल्या. "आणि आज लुगडं खालच्या बॅगेत होतं. मला काय माहीत तुमच्या भिंतीला थंडी वाजते!"

"टोल्ड यू," इरा म्हणाली.

तिच्या हवामानाच्या धड्यात पुढे काय आलं, ते चारुदत्तने विचारलं नाही. पण दर वर्षी मिसेस कोह यायच्या आदल्या दिवशी तो स्वतः एसी सोळावर लावतो आणि बॅगा रचतो: खाली दोन्हीकडे निळ्या, त्यांच्यात मांडीएवढी जागा सोडून, वर लाल, त्यांच्यात परातीएवढी फट. हातासाठी फट राहणार नाही, हे दोनदा तपासतो.

पापड गणपतीच्या आधीच संपले. जरा खारट झाले होते.