अक्षरी पूर्णविराम

गुंडूरावांच्या पत्रातला पहिला पूर्णविराम मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास पडला आणि तो अक्षरी पडला. हे घरात कळायला संध्याकाळचे सात वाजले. तोपर्यंत पत्र बंगळूरच्या बसवनगुडीहून निपाणीला पोचले होते, वाचले गेले होते आणि त्याचा अर्थही लावून झाला होता.

पत्राचे काम तसे साधे होते. गुंडूरावांची नात भव्या आणि निपाणीचा रघुनंदन इलेक्ट्रॉनिक सिटीत एकाच कंपनीत होते. लग्नाचे दोघांनी आपापसात ठरवून टाकले होते. म्हैसूरला असलेल्या भव्याच्या आईवडिलांची हरकत नव्हती. रघुनंदनच्या घरी मात्र शेवटचा शब्द त्याच्या आजोबांचा, जयतीर्थमास्तरांचा असे. मास्तरांनी चाळीस वर्षे शाळेत मराठी शिकवले होते आणि तीन पिढ्या बंगळूरमध्ये काढलेल्या माणसांना मराठी येते यावर त्यांचा विश्वास नव्हता. मुलीकडच्या वडीलधाऱ्याने मराठीत पत्र लिहावे, एवढी एकच अट त्यांनी घातली होती. रविवारी बोलणी करायला यायचे की नाही, हे ते पत्र वाचून ठरवणार होते.

अट ऐकून गुंडूराव मनातून खूश झाले होते. एका छापखान्यात मराठी पाठ्यपुस्तकांची मुद्रिते तपासण्यात त्यांची छत्तीस वर्षे गेली होती. अडचण डोळ्यांची होती. उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते, डावा अजून व्हायचा होता आणि डॉक्टरांनी आठवडाभर वाचायला-लिहायला बंदी केली होती.

"अज्जा, तुम्ही नुसतं बोला, फोन लिहितो," ऑफिसची बस गाठायच्या घाईत भव्या म्हणाली. "झालं की अज्जी तो हिरवा बाण दाबेल."

"आणि चिन्हं? चिन्हं कोण घालणार?"

भव्या जिना उतरून गेली होती. मग गुंडूरावांनी छापखान्यातली रीत वापरली. तिथे एक जण मूळ प्रत मोठ्याने वाची, चिन्हांसकट, आणि दुसरा मुद्रित तपाशी. त्यांनी काळा चष्मा सावरला, घसा खाकरला आणि सुरुवात केली. त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई फोन धरून समोर बसल्या. त्यांची शाळा कन्नड. मराठी त्या एकेक अक्षर लावून वाचत, आणि फोनवरची अक्षरे तर त्यांच्या नजरेच्या आधी पुढे पळत होती.

"सप्रेम नमस्कार, पूर्णविराम."

"अहो, स्वल्प हळू. फोनला दम लागंल."

"अक्षरं उठतायत ना?"

"उठतायत की. भराभरा."

पत्र पुरे झाले. गुंडूराव म्हणाले, "पाठव." शकुंतलाबाईंनी बाण दाबला. निपाणीला जे पोचले ते असे होते:

"सप्रेम नमस्कार पूर्णविराम आपला रघुनंदन आम्हाला पसंत आहे स्वल्पविराम आपल्या घराण्याबद्दल आम्ही काय बोलावे प्रश्नचिन्ह भव्याचे लग्न आपल्या घरी व्हावे ही आमची इच्छा पूर्णविराम"

संध्याकाळी भव्या घरी आली ती फोन कानाला लावूनच. फोनवर रघुनंदन होता. तिने त्याचा आवाज मोठा केला.

"तुझ्या आजोबांनी लग्नाला पूर्णविराम दिलाय म्हणे," तो म्हणत होता. "आमच्या घराण्यावर प्रश्नचिन्ह टाकलंय. आणि मी पसंत आहे, पण स्वल्पविरामापुरताच. आमचे आजोबा दुपारी जेवले नाहीत."

भव्याने पत्र उघडून मोठ्याने वाचले. गुंडूराव खुर्चीत ताठ झाले.

"मजकुरात चिन्हांची नावं? तपासल्याशिवाय प्रत बाहेर गेली?"

"नातीचं लग्न मोडायला आलंय, त्याचं काही नाही," शकुंतलाबाई म्हणाल्या. "ह्यांची प्रत बिघडली!"

भव्याने शब्द काढून तिथे चिन्हे घातली, खाली खुलासा लिहिला आणि पत्र पुन्हा पाठवले. अर्ध्या तासाने मास्तरांचे उत्तर आले. "सुधारित प्रत मिळाली. मूळ प्रतही जपून ठेवली आहे."

बुधवारी भव्याने या दुखण्यावर कायमचा इलाज केला. तिने आजोबांच्या फोनवर एक छोटा प्रोग्रॅम बसवला. बोललेला मजकूर आधी त्यातून जाई. 'पूर्णविराम' आला की त्या जागी टिंब पडे, 'प्रश्नचिन्ह' आले की आकडी पडे. चार वाक्ये बोलून पाहिली, चारही स्वच्छ उतरली.

"आता काहीही बोला अज्जा. आपोआप साफ होतं."

गुंडूरावांना नातीने लिहिलेला खुलासा पुरेसा वाटला नव्हता. चूक आपल्या हातून झाली, तेव्हा माफीही आपणच मागायला हवी, असे त्यांचे मत होते. गुरुवारी भव्या ऑफिसला गेल्यावर त्यांनी पुन्हा शकुंतलाबाईंना फोन धरायला बसवले. या वेळी त्यांनी मोजके आणि मनापासूनचे शब्द निवडले. मास्तरांच्या मोठेपणाबद्दल आमच्या मनात कसलेही प्रश्नचिन्ह नाही, असे ते म्हणाले. झाल्या गैरसमजाला आता पूर्णविराम मिळावा, असेही म्हणाले. प्रोग्रॅमने आपले काम चोख केले.

"आपल्या मोठेपणाबद्दल आमच्या मनात कसलेही ? नाही. झाल्या गैरसमजाला आता . मिळावा."

"आजोबा म्हणतात, आता तर शब्दसुद्धा खर्च करत नाहीत," रघुनंदनने संध्याकाळी कळवले. "मोठेपणा म्हटलं आणि पुढे आकडी टाकली. आणि गैरसमजाला काय मिळावा, ते लिहायचीही तसदी घेतली नाही."

"अरे, तो माझा प्रोग्रॅम रे! तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. म्हणाले, यंत्राच्या आडून बोलणाऱ्या माणसाच्या मनात नेमकं काय आहे, हो की नाही, ते मला एकदा कळू दे."

भव्याने निपाणीला फोन लावला. मास्तरांनी घेतला नाही. लेखी सुरू झालेला व्यवहार लेखीच पुरा व्हावा, असा निरोप आला. भव्या कॉटवर बसली. आजोबांवर ओरडावे की स्वतःवर, हे तिचे ठरत नव्हते.

शुक्रवारी रघुनंदन रजा टाकून गावी गेला. शनिवारी दुपारी तो बसवनगुडीच्या घरात, न झोपलेल्या चेहऱ्याने आणि हातात पाकीट घेऊन उभा होता.

"आजोबांनी हाताने लिहिलंय. मलाही वाचू दिलं नाही," तो म्हणाला. "सहाच्या गाडीची तिकिटं काढून ठेवलीत. आजोबा बॅग भरून बसलेत, पण चेन लावलेली नाही. तुम्ही काय वाचलं ते मी फोन करून सांगायचं. मग ते निघणार, नाहीतर बॅग उपसणार."

भव्याने कागद उलगडला. मास्तरांचे अक्षर मोत्यासारखे होते. कागदावर एकही चिन्ह नव्हते.

"सप्रेम नमस्कार आपली दोन्ही पत्रे मिळाली आम्हाला हे लग्न मान्य नाही म्हणण्यासारखे काही उरले नाही विरामचिन्हे आपण आपल्या सोयीने घालून घ्यावीत कळावे जयतीर्थ"

"मान्य नाही," भव्या म्हणाली. "म्हणण्यासारखे काही उरले नाही. अज्जा, संपलं."

"थांब. पुन्हा वाच. सावकाश." गुंडूरावांनी डोके एका बाजूला कलते केले. छापखान्यात अवघड प्रत आली की ते असेच बसत. "लग्न मान्य. नाही म्हणण्यासारखे काही उरले नाही. असंही होतं. टिंब 'मान्य'च्या पुढे पडलं तर होकार. 'नाही'च्या पुढे पडलं तर नकार." त्यांनी मान डोलावली. "माणूस जाणकार आहे."

"मग 'मान्य'च्या पुढे घाला की!" रघुनंदन म्हणाला. "त्यांनीच लिहिलंय, आपल्या सोयीने."

"तसं नाही करता येत. ज्यानं अर्थ फिरेल असं चिन्ह लेखकाला विचारल्याशिवाय घालायचं नाही. छत्तीस वर्षांत मी एकदाही घातलं नाही. त्यांना फोन लावा, नेमकं काय अभिप्रेत आहे ते विचारू."

"अज्जा, नको!" भव्या ओरडली. "विचारलं म्हणजे तुमच्या मनात शंका आहे, असं धरतील ते. त्यांना तेवढंच बघायचंय!"

"शंका मजकुराबद्दल आहे. लग्नाबद्दल नाही."

"हे त्यांना कोण सांगणार? तुमचा फोन?"

घड्याळात सव्वाचार झाले होते. रघुनंदन हातातल्या मोबाइलकडे बघत होता. नियम आणि नात यांच्यामध्ये गुंडूराव किती वेळ बसून राहिले असते, सांगता येत नाही. पण शकुंतलाबाई देवघरात जाऊन आल्या. त्यांच्या हातात कुंकवाचा करंडा होता.

"द्या तो कागद इकडं."

"कशाला?"

"सोयरिकीचं पत्र घरी आलंय. कुंकू लावायचं की नाही त्याला?"

"कोपऱ्याला लावतात, अगं. चार कोपऱ्यांना."

"मला मराठी वाचताना त्रास होतो. कोपरे बरोबर दिसत नाहीत." त्यांनी कागद टेबलावर सपाट केला, ओळीखाली बोट धरले आणि एकेक अक्षर लावत वाचत गेल्या. "आ-म्हा-ला हे ल-ग्न मा-न्य." तिथे त्यांनी करंगळीशेजारचे बोट ओल्या कुंकवात बुडवले आणि दाबून टेकवले. "सरी, झालं. आता पुढचं तुमचं तुम्ही वाचा."

गुंडूरावांनी काळा चष्मा कपाळावर चढवला, डॉक्टरांची बंदी मोडली आणि कागद डोळ्याशी नेला. त्यांना अक्षरे दिसली नाहीत. ठिपका मात्र स्पष्ट दिसला.

"लाल शाई," ते म्हणाले.

"हो," भव्या म्हणाली.

"लाल शाईत दुरुस्ती झाली की आमच्याकडे प्रत अंतिम धरत." त्यांनी चष्मा खाली घेतला. "रघुनंदन, कळवा. मान्य, पूर्णविराम."

"नुसतं मान्य म्हणतो," रघुनंदन म्हणाला. "पूर्णविराम नको."

रविवारी अकरा वाजता जयतीर्थमास्तर आले. सगळ्यांचे नमस्कार झाले, उपीट आणि कॉफी झाली. मग त्यांनी आपले पत्र बघायला मागितले. भव्याने ते आणून दिले आणि आजीच्या मागे जाऊन उभी राहिली. मास्तरांनी कागद उजेडात धरला. ठिपका 'मान्य'च्या पुढे होता खरा, पण 'नाही'मधल्या 'ना'चा अर्धा भागही त्याने खाल्ला होता.

"पूर्णविराम जरा मोठा पडलाय," मास्तर म्हणाले.

"पत्रिका छापताना लहान करून घेऊ," गुंडूराव म्हणाले.

मास्तरांनी कागदाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. "पत्रिकेचा मजकूर कोण सांगणार?"

"मीच सांगीन."

"सांगा," मास्तर म्हणाले. "लिहून मी घेतो."