हैबतीमामांचा हिवताप

मुरारीचं लग्न गार वाऱ्यावर अडलं होतं, आणि तो वारा महाडला पोचायच्या आतच गळून गेला होता.

मुरारी मुंबईत एका शेठकडे ड्रायव्हर. शेठची जुनी, लांबलचक अमेरिकन गाडी त्यानं सुट्टीपुरती मागून आणलेली. गाडीत चक्क थंड हवेचं यंत्र! पोलादपूरच्या हैबतीमामांना, म्हणजे जिला तो मागणी घालणार त्या तुळसाच्या बापाला, त्यानं निरोपच धाडला होता, "महाडच्या बाजाराला या. भर वैशाखात कुडकुडवत घरी पोचवतो." वाटेतच मामा होकार की नकार ते सांगणार होते. आणि यंत्र तर भट्टीसारखं फुंकत होतं!

"गॅस गळला," सहदेव मेकॅनिक बॉनेटमधून ओरडला. "आधी गळती बुजवायची, मग गार करणारा फ्रीऑन गॅसच भरायचा. तो मुंबईला."

"सोडावॉटरवाल्याचा भरू?"

"भर की! त्याच्या दाबानं नळ्या फुटून कशेडी घाटापल्याड पडतील."

"मग आईला आणलेली शेगडीच्या गॅसची टाकी?"

"ती गार करील बी. पण काचा बंद, गॅस गळतोय, आणि सासऱ्यानं बिडी शिलगावली म्हंजे?"

"म्हंजे दादाचं लग्न थेट वरच!" धाकटी बहीण मैना खिदळली. मुरारीचा चेहरा बघून मात्र तिलाच कसंतरी झालं. "दादा, यंत्राचा पंखा फिरतोय ना? त्याच्यापुढं बर्फ ठेव!"

मासळीवाल्या राहीबाईकडून बर्फाची लादी आली आणि गोणपाटात गुंडाळून पुढच्या सीटच्या पायाशी बसली. मानाच्या जागेवर मामा बसले.

"ह्ये काय रे खाली?"

"पाय ठेवायला गादी, मामा. अमेरिकेची पद्धत."

मामांनी ऐसपैस पाय सोडले. मागे चंद्राबाई मामी आणि मैना. महाड सुटलं आणि मैनेला वाटलं, जिंकलो! तेवढ्यात पुढून दात वाजल्याचा आवाज आला.

"मुरारी, गाडी फिरव. हिवताप आला!"

"अगो बाय! मागल्या साली असाच चढलावता," मामी हादरल्या.

"मामा, हा तर गाडीचा गारवा—"

"गाडीचा गारवा वरनं लागंल. ह्यो पायातनं, हाडातनं येतोय! फिरव!"

गाडी महाडच्या दवाखान्यात. कंपाउंडरनं सुई उकळायला टाकली. ती सुई एवढी दणकट, की बघूनच मैना दोन पावलं मागं सरली.

"मामा, नका टोचून घेऊ!" मैना किंचाळली. "हिवताप नाय, बर्फ हाय! तुमच्या पायाखाली!"

मामा तरातरा बाहेर गेले. गोणपाट उचकटून पाहिलं. वासही घेतला. "बोंबलाच्या बर्फावर बसवलंस रे मला? तुझ्या थंड यंत्राचं काय झालं?"

"त्यातला गॅस गळला," मुरारी पुटपुटला. "दुसरा भरला असता, पन तुमी बिडी वडता. भडका उडाला असता."

मामांनी हातातल्या बिडीकडे पाहिलं, मग मुरारीकडे. "म्हंजे सासऱ्याला फसवलंस, पन जाळला नायस."

"आता काय बोलायचं ते बोला तरी!" मामी वैतागल्या.

"दिली पोरगी!"

बर्फ रस्त्यावर फेकून सगळे पुन्हा बसले. घामाघूम झालेल्या मामांच्या हाताला दारावरची दांडी लागली. फिरवली, तशी काच सरसर खाली गेली आणि सावित्री नदीकडचा वारा भसकन आत आला. मामांचे डोळे चमकले.

"जावय! आँ? येवढं झ्याक यंत्र हाय, आन् मघापास्नं दाखवलं नायस?"

पोलादपूर येईपर्यंत मामांनी दांडी सोडली नाही.