उस्तादांचा उजवा अंगठा

सकाळी सव्वासातला उस्तादांनी बिस्किटांच्या डब्याचं झाकण अंगठ्याने उघडायला घेतलं, तेव्हा बायकोने चमचा पुढे केला होता. हे इथे नोंदवून ठेवणं भाग आहे, कारण पुढे दिवसभर तिने ते पुन्हा पुन्हा नोंदवलं.

"अंगठा असताना चमचा कशाला?" उस्ताद म्हणाले.

झाकण निघालं नाही. अंगठ्याचं कातडं मात्र निघालं, नखापासून थेट सांध्यापर्यंत.

दुसऱ्या कुणाचा अंगठा असता तर पट्टी बांधून विषय संपला असता. पण उस्तादांचा उजवा अंगठा हा त्यांच्या गॅरेजमधला सर्वांत ज्येष्ठ कर्मचारी होता. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दाब पुरेसा आहे की नाही, हे तो सांगत असे. प्लग काढायचा, रिकाम्या भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचं. आतली हवा अंगठ्याला ज्या जोराने उडवून लावी, त्यावरून उस्ताद डोळे मिटून आकडा सांगत. "एकशे पन्नास." आकडा बरोबर की चूक, हे पस्तीस वर्षांत कुणी तपासलं नव्हतं. तपासायचं ते अंगठ्यानेच, अशी गॅरेजची पद्धत होती.

उस्तादांना अभिमान वाटावा अशा गोष्टी आयुष्यात दोनच होत्या. एक अंगठा आणि दुसरी लेक. अडचण एवढीच, की गेल्या महिन्यापासून दोन्ही एकाच गॅरेजमध्ये कामाला होत्या.

लेक इंजिनिअर झाली होती, कंपनीत दोन वर्षं नोकरी करून, कंटाळून, बापाच्या गॅरेजमध्ये परत आली होती. येताना तिने कॉम्प्रेशन मोजायचं मीटर आणलं. प्लगच्या जागी नळी फिरवून बसवायची, स्टार्टर मारायचा, काटा वर चढतो, आकडा वाचायचा. उस्तादांनी ते मीटर हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. भिंतीवर लाव."

आदल्या दिवशी जेवताना प्रकरण हातघाईवर आलं होतं.

"उद्या बाईंची गाडी येतेय," उस्ताद म्हणाले. "दोघंही मोजू. तुझं मीटर खरं ठरलं, तर परवापासून इंजिनाची बाजू तुझी. मी टायरकडे बसेन."

"आणि अंगठा खरा ठरला तर?"

"मीटर कपाटात."

"आणि जेवण गार," बायको म्हणाली.

त्यामुळे आज सकाळी काकडीएवढी पट्टी बांधून झाल्यावर उस्तादांनी हात पँटच्या खिशात घातला आणि बायकोला बजावलं, "तिला यातलं काही कळता कामा नये."

"खिशात हात घालून इंजिन दुरुस्त करणार?"

"बघू."

"चमचा दिला होता मी."

दहा वाजता बाई आल्या. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. निम्म्या गल्लीला त्यांनी शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्या गल्लीला सुधारलं होतं. त्यांच्या गाडीचं इंजिन दोन वर्षांपूर्वी याच गॅरेजमध्ये उघडलं होतं. पिस्टनच्या रिंगा उस्तादांनी बसवल्या होत्या. टॅपेट, म्हणजे झडपांना उघडझाप करायला किती जागा ठेवायची ते ठरवणारे स्क्रू, मात्र लेकीने बसवले होते. शेवटची परीक्षा देऊन ती तेव्हा सुट्टीवर होती आणि ते तिच्या हातचं पहिलं काम. "आठच्या आठ तिने बसवले, मी हातही लावला नाही," हे उस्तादांनी तेव्हापासून आल्यागेल्याला ऐकवलं होतं. दूधवाला तर हल्ली त्यांना बघितलं की स्वतःच म्हणे, "आठच्या आठ."

आता मात्र चढावर गाडी गचके देत होती आणि उद्या बाईंना सहाशे किलोमीटरवरच्या बहिणीकडे एकटीने जायचं होतं.

"उस्ताद, मोठ्या माणसांशी बोलताना हात खिशात नसावा," बाई किल्ली पुढे करत म्हणाल्या.

उस्तादांनी डाव्या हाताने किल्ली घेतली. मग डाव्या हाताने खुर्ची पुढे केली. डाव्या हाताने बॉनेट उघडलं, आणि ते डोक्यावर येऊ नये म्हणून हनुवटीने तोलून धरलं. बाईंची नजर बारीक झाली.

"उस्ताद, हसून दाखवा."

"काय?"

"हसा म्हणते ना."

उस्ताद हसले. दुखऱ्या अंगठ्यामुळे ते हसू एका बाजूलाच गेलं.

"जीभ बाहेर काढा. आता दोन्ही हात वर करा."

जीभ निघाली. हात एकच वर गेला.

"मुली, गाडी काढ," बाई लेकीला शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या वडिलांच्या उजव्या बाजूवरून वारं गेलंय. वेळ घालवू नकोस."

लेकीच्या हातातलं मीटर खाली ठेवलं गेलं. तिचा चेहरा पांढरा पडला. उस्तादांनी क्षणभर दोन्ही बाजूंनी विचार केला. अर्धांगवायू हा आजार म्हणून वाईट, पण त्यात अब्रू जात नाही. पण लेक खरोखरच रडायच्या बेतात आहे हे दिसल्यावर त्यांनी नाइलाजाने हात खिशातून बाहेर काढला.

पट्टी एवढी मोठी होती की तिच्याकडे बघणं टाळताही येत नव्हतं.

"डबा," उस्ताद म्हणाले.

"आईने चमचा दिला नव्हता?" लेकीने विचारलं.

"दिला होता," वरच्या खिडकीतून उत्तर आलं. गॅरेजवरच त्यांचं घर होतं.

लेकीने डोळे पुसले आणि मीटर पेटीत ठेवायला घेतलं. "आपण पुढच्या आठवड्यात करू, बाबा. जखमी माणसाबरोबर मी पैज लावत नाही."

हे उस्तादांना अर्धांगवायूपेक्षा जास्त लागलं.

"मला दोन अंगठे आहेत," ते म्हणाले.

काम सुरू झालं. लेकीने इंजिन गरम केलं, पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद केली, चारही प्लग काढले. बाईंना स्टिअरिंगवर बसवून सांगितलं, "अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि मी म्हटलं की किल्ली फिरवा. पाय मधेच उचलायचा नाही, नाहीतर हवा आत जात नाही आणि आकडा खोटा येतो."

"मी चाळीस वर्षं शाळेत पाय रोवून उभी होते," बाई म्हणाल्या.

डाव्या अंगठ्याने मात्र पस्तीस वर्षांत एक दिवसही काम केलं नव्हतं. पहिल्या भोकावर हवेने त्याला फुस्सकन उडवलं तेव्हा तो भारावून गेला. दुसऱ्यावरही भारावला. तिसऱ्या आणि चौथ्यावरही. नव्याने नोकरीला लागलेल्या माणसासारखं त्याला सगळंच जबरदस्त वाटत होतं.

उस्तादांनी डोळे मिटले. "एकशे साठ. चारही सारखे."

मग मीटर लागलं. पहिला सिलिंडर, एकशे अठ्ठावन्न. दुसरा, एकशे पंचावन्न. उस्ताद हसू दाबत होते. तिसऱ्याला काटा चढत चढत गेला आणि मध्येच बसला. एकशे दहा. चौथा, एकशे सत्तावन्न.

लेकीने तिसरा पुन्हा मोजला. एकशे दहा. पुन्हा मोजला.

"नवीन आहे ना," उस्ताद म्हणाले. "अजून रुळलं नसेल."

"बाबा, तीनदा एकशे दहाच दाखवतंय."

"हट्टी आहे. तुझ्यावर गेलंय."

"म्हणजे तुमच्यावर."

तिने तिसऱ्या भोकात चमचाभर तेल सोडलं आणि परत मोजलं. रिंगा झिजल्या असतील तर तेलाने फट बुजते आणि आकडा वर जातो. आकडा जागचा हलला नाही. "रिंगा उत्तम आहेत," ती म्हणाली. रिंगा उस्तादांच्या हातच्या. एवढा दिलासा त्यांनी मिळाला तसा खिशात टाकला. "म्हणजे झडप गळतेय. इंजिन गार झालं की टॅपेट बघू."

इंजिन गार व्हायला दोन तास लागले. तोवर बायको चहा घेऊन खाली आली. ट्रेमध्ये चार कप होते आणि मधोमध एक चमचा. साखर आधीच ढवळलेली होती.

साडेबाराला लेकीने वरचं झाकण उघडलं आणि फिलर, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, एकेका टॅपेटखाली सरकवून पाहिली. सात ठिकाणी ती हवी तशी, किंचित अडखळत गेली. तिसऱ्या सिलिंडरच्या एका टॅपेटखाली मात्र शिरेच ना.

"इथे जागाच नाही. झडप पूर्ण मिटत नाही, त्यातूनच दाब पळतोय," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज एकदम खाली गेला. तिने फिलर बाजूला ठेवला. हात पुसले. "बाबा, मी हरले."

"अगं, मीटर बरोबर निघालं की."

"मीटर जिंकलं, मी हरले. आठही मीच बसवले होते. बाई, दोन वर्षं तुम्ही माझ्या चुकीवर गाडी चालवताय." तिने मीटर पेटीत घातलं, पेटीची कडी लावली. "इंजिन तुम्हीच बघा, बाबा. मी टायर बघते."

आकडा चुकूनही उस्ताद पैज जिंकले होते. आणि नेमकं त्याच वेळी त्यांना दोन वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आठवली. लेक काम संपवून हात धुवायला गेली होती. त्यांनी नुसतं कौतुकाने आठही टॅपेट उजव्या अंगठ्याने एकेक हलवून पाहिले होते. आणि तिसऱ्यावरचा एक अंगठ्याला जरा ढिला वाटला. फिलर तिथेच पडला होता. पण अंगठा असताना फिलर कशाला, असं म्हणून त्यांनी तो सवयीने जरासा आवळला होता.

त्यांनी घसा साफ केला. "तो मी आवळला होता."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "बाबा, नका ना."

"खरं सांगतोय. तू हात धुवायला गेलीस तेव्हा."

"उस्ताद," बाई गाडीतून उतरत म्हणाल्या, "मुलांसाठी खोटं बोलणारे बाप मी आयुष्यभर पाहिले. गृहपाठाच्या वह्यांमध्ये त्यांचंच अक्षर असायचं. पण इतक्या सरळ चेहऱ्याने कुणी बोललं नव्हतं. मघाशी तुमचं तोंड वाकडं वाटलं, ते मी मागे घेते."

"बाई, मी खोटं बोलत नाही."

"तुम्ही बिल देताना मला तीनदा सांगितलं होतंत, मी हातही लावला नाही म्हणून."

"आठच्या आठ," बायकोने दुजोरा दिला. तिनेही पदर डोळ्यांना लावला होता. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, पण नवऱ्याकडे असं कौतुकाने बघण्याची पाळी तिच्यावर क्वचितच आली होती.

उस्ताद चौघांत उभे राहून पाहत राहिले. गुन्हा कबूल केल्याबद्दल त्यांचा सत्कार चालला होता. आता इथेच गप्प बसले असते तर इंजिन त्यांचं होतं, मीटर कपाटात होतं, शिवाय थोर बाप म्हणून गल्लीत नाव झालं असतं. फक्त लेक उद्यापासून टायरपाशी बसली असती, मान खाली घालून.

"पेटी उघड," ते म्हणाले.

"कशाला?"

"ती नंतर. आधी चिंधी घे. तू तेव्हा प्रत्येक टॅपेटवर पांढऱ्या रंगाने रेघ मारली होतीस. स्क्रूपासून नटापर्यंत, एकसलग. मी विचारलं होतं, ही रांगोळी कशाला? तू म्हणालीस, नंतर कुणी फिरवला तर कळावं."

लेक थबकली. मग तिने तेलाचा काळा थर एकेका टॅपेटवरून पुसला. पहिली रेघ सरळ. दुसरी सरळ. सात रेघा, तेलाने पिवळ्या पडलेल्या पण सरळ. तिसऱ्या सिलिंडरवरची एक रेघ मात्र मध्ये तुटली होती. नटावर तिचा एक तुकडा आणि स्क्रूवर दुसरा, दोघे एकमेकांकडे पाठ करून बसलेले.

गॅरेजमधलं भारावलेलं वातावरण एका क्षणात ओसरलं. बायकोने पदर खाली केला.

"अर्धा फेरासुद्धा नाही," लेक वाकून बघत म्हणाली. "पाव फेरा."

"बरोबर पाव," उस्ताद म्हणाले. आवाजात नको तेवढा अभिमान होता. "फिलर न लावता."

"बाबा, मी दोन मिनिटं हात धुवायला गेले होते."

"साबण नवीन होता. तुला वेळ लागला."

"म्हणजे आठच्या आठ मी बरोबर बसवले होते."

"तेच तर मी दोन वर्षं सांगतोय."

लेकीने टॅपेट सैल केला, फिलर सरकवला, नट आवळला आणि नवी पांढरी रेघ मारली. मीटर पुन्हा लागलं. बाईंनी पाय रोवला. काटा चढला, एकशे दहा ओलांडून तसाच पुढे गेला आणि एकशे त्रेपन्नवर थांबला. बाईंनी उस्तादांना "प्रामाणिकपणाला पैकीच्या पैकी, कामाला शून्य" असे गुण दिले, आणि गचका न खाता निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून उस्ताद टायरच्या बाजूला बसले. गल्लीला वाटलं होतं, माणूस खचेल. पण त्यांना सांगायला नवीन गोष्ट मिळाली होती आणि ती जुनीपेक्षा सरस होती. "मी हात लावला होता," ते प्रत्येकाला बसवून सांगत. "पाव फेरा. मी, पस्तीस वर्षांचा माणूस या धंद्यातला, आणि दोन वर्षांनी पकडलं तिने मला." पाव म्हणजे किती, ते दाखवायला पट्टी बांधलेला अंगठा हवेत फिरत असे. तिसऱ्या दिवशी दूधवाला त्यांना बघून म्हणाला, "पाव फेरा."

त्याच दुपारी एका गिऱ्हाइकाने पुढच्या टायरमध्ये हवा किती आहे ते विचारलं. उस्तादांनी मागे वळून पाहिलं. लेक कंबरेपर्यंत एका इंजिनात शिरलेली होती. त्यांनी डावा अंगठा हळूच टायरवर दाबला आणि डोळे मिटले.

"बत्तीस."

"बाबा, मीटर," इंजिनातून आवाज आला.

"तेच शोधतोय," उस्ताद म्हणाले, आणि गिऱ्हाइकाच्या कानाशी वाकून, छाती फुगवून पुटपुटले, "बघितलंत? न बघता पकडलं."