चंद्रप्रकाश सामंत लिनक्स टाकतात

जुना लॅपटॉप भंगारात द्यायचा नाही, हा निर्णय चंद्रप्रकाश सामंतांनी दुरुस्तीवाल्याच्या चेहऱ्याकडे बघून घेतला. गोरेगाव स्टेशनजवळच्या त्या माणसाने लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. नुसता उचलला, हातावर जोखला आणि म्हणाला, "काका, याच्यात आता काय राहिलं नाय. श्रद्धांजली द्या आणि नवीन घ्या."

हे सामंतांना लागलं. लेक श्रुतिका अकरावीत गेली तेव्हा घेतलेला लॅपटॉप तो. श्रुतिका आता बंगळुरूला साहेबीण झाली होती, आणि लॅपटॉप अजून चालू होत होता. वेळ लागायचा, हे खरं. बटण दाबून सामंत आंघोळीला जायचे, पूजा आटपायचे, चहा घ्यायचे, आणि येऊन बघावं तर पडद्यावर ते गोल चाक आपलं फिरतंय. पण वेळ लागणं म्हणजे मरण नव्हे. (सकाळी उठायला सामंतांनाही वेळ लागायचा, त्यांना कुणी श्रद्धांजली वाहिली नव्हती.)

मरोळला खोकी बनवणाऱ्या एका कंपनीत सामंत डिस्पॅच बघत. तिथल्या कॉम्प्युटरवाल्या सिद्धेशला त्यांनी ही हकीकत तावातावाने सांगितली.

"लिनक्स टाका ना काका," सिद्धेश म्हणाला. "हलकं व्हर्जन येतं, फुकट. ते पेन ड्राइव्हवर घ्यायचं, त्यावरून लॅपटॉप चालू करायचा, की झालं. जुनं मशीन पळायला लागतं."

पळायला लागतं, एवढेच शब्द सामंतांच्या डोक्यात राहिले.

शनिवारी त्यांना सुट्टी होती. पत्नी अनुपमा सकाळीच आपल्या महिला मंडळाबरोबर हॉलच्या तयारीला गेली होती. दिंडोशीतल्या सगळ्या कॉलन्यांमध्ये दर श्रावणात एका शनिवारी मंगळागौरीच्या खेळांची स्पर्धा होते, ती त्याच संध्याकाळी होती. घर रिकामं होतं आणि कुणी मधे बोलणारं नव्हतं. सामंतांनी ऑफिसचा लॅपटॉप उघडून लिनक्स उतरवून घेतलं. टीव्हीखालच्या वाडग्यात, किल्ल्या आणि रबरबँडांच्या गर्दीत, एक निळा पेन ड्राइव्ह पडला होता. कुणाचाच नसल्यासारखा. तो त्यांनी खुपसला.

पडद्यावर प्रश्न आला : यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का?

सामंतांनी हो म्हटलं. पुन्हा प्रश्न आला : नक्की?

आता मात्र ते भडकले. ज्या माणसाच्या एका सहीवर अख्खा ट्रक गेटबाहेर पडतो, त्याला हे यंत्र दोनदा विचारतं. "एकदा सांगितलं ना," असं मोठ्याने म्हणून त्यांनी बटण दाबलं.

पुढचा अपमान जुन्या लॅपटॉपने केला. पेन ड्राइव्हवरून चालू होण्यासाठी वरच्या ओळीतलं कुठलंसं एक बटण वेळेवर दाबायचं असतं. कुठलं, यावर इंटरनेटवरच्या जाणकारांचं एकमत नव्हतं. शेवटी सामंतांनी पेटी वाजवावी तशी अख्खी ओळ वाजवली, आणि लॅपटॉप घाबरून लिनक्समध्ये शिरला.

मग त्याने राहण्याचं ठिकाण विचारलं. यादीत मुंबई नव्हती. सामंतांनी खालवर दोनदा पाहिलं आणि सिद्धेशला फोन लावला.

"अरे, यात मुंबईच नाहीये."

"कोलकाता घ्या काका."

"का म्हणून?"

"सगळ्या देशाची वेळ एकच आहे ना. काय फरक पडतो?"

"प्रश्न वेळेचा नाही सिद्धेश," सामंत म्हणाले. "प्रश्न मुंबईचा आहे."

कागदावर 'निषेधासह' लिहून सही करावी, तशा चेहऱ्याने सामंतांनी कोलकाता निवडलं.

आणि लॅपटॉप खरंच पळायला लागला. बटण दाबून चष्मा पुसेपर्यंत चालू. सामंतांनी तो बंद केला, परत चालू केला, नुसत्या सुखासाठी पुन्हा बंद केला. सोमवारी हा लॅपटॉप त्या दुरुस्तीवाल्याच्या काउंटरवर कसा ठेवायचा, आधी काय बोलायचं आणि मग किती वेळ गप्प राहायचं, हे ते ठरवत होते, तेवढ्यात अनुपमा घाईघाईने आत आली.

"बघ," सामंत म्हणाले. "बटण दाबलं की चालू."

"झकास. तो निळा पेन ड्राइव्ह द्या आता. साउंडवाला खाली थांबलाय."

कुठला पेन ड्राइव्ह, असं विचारण्यात अर्थ नव्हता. तो लॅपटॉपच्या कुशीत दिव्यासकट लुकलुकत होता.

"त्यात काय होतं?" सामंतांनी विचारलं.

"होतं?" अनुपमा म्हणाली.

त्या एका शब्दात तिला सगळं कळलं. ती खुर्चीवर बसली. स्पर्धेची सगळी गाणी त्यात होती. मंडळाच्या प्रमुख मधुवंतीताईंच्या भाच्याने कापून, जोडून, झिम्म्यातून फुगडीत जायला बरोबर तेवढीच जागा सोडून ती बसवली होती. भाचा सकाळीच कॅनडाच्या विमानात चढला होता आणि त्याचा फोन बंद होता.

"पुसलेलं परत आणता येतं," सामंत म्हणाले. "प्रोग्रॅम मिळतो." नव्या जोमाच्या लॅपटॉपवर त्यांनी इंटरनेट उघडलं. लॅपटॉपने कळवलं की वायफाय चालण्यासाठी एक फाइल लागेल आणि ती इंटरनेटवरून उतरवून घ्यावी.

"इंटरनेट चालायला इंटरनेट पाहिजे म्हणतो हा," सामंत संतापाने म्हणाले. "हा काय कारभार झाला?"

मग सामंतांनी पुन्हा सिद्धेशला फोन केला. "त्याच्यावरच लिनक्स लिहिलंत ना काका?" तो हळूच म्हणाला. "मग वाट लागली."

मधुवंतीताई पलीकडच्या इमारतीत राहत. शाळेच्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या. त्यांच्या घरात सगळं मंडळ नऊवारी नेसत होतं, म्हणून सामंतांना दाराबाहेर, चपलांच्या शेजारी उभं राहून कबुली द्यावी लागली.

"तुमच्यामुळे बायकांचा दोन महिन्यांचा घाम फुकट," आतून कुणीतरी म्हणालं.

"पण नाव न लिहिता पेन ड्राइव्ह वाडग्यात ठेवायचा म्हणजे," सामंतांनी सुरुवात केली.

"सामंत," मधुवंतीताई म्हणाल्या, "बोलू नका."

सामंतांनी पाचवीतल्या मुलासारखे हात मागे बांधले. आत कुणीतरी रडायच्या बेतात आली होती. मोबाइलवर गाणी मिळाली असती, पण पावलं भाच्याच्या जोडणीवर बसली होती. कोपऱ्यात नंदाताई आणि रतनताई दुसऱ्यांच्या निऱ्या करून देत बसल्या होत्या. दोघींचे गुडघे गेले म्हणून त्यांना मंडळातून वगळलं होतं, तरी त्या मदतीला आल्या होत्या.

नंदाताईंनी हातातली पिन खाली ठेवली. "त्या मशिनीचा काय घेवन बसलात?" त्या म्हणाल्या. "माका सगळी गाणी पाठ आसत. आमी दोघी गातंव, तुमी नाचा."

तसंच झालं. रंगमंचाच्या कडेला दोन खुर्च्या टाकल्या. नंदाताई गायल्या, रतनताईंनी मांडीवर घागर घेऊन ठेका धरला. कुणाला फुगडीत धाप लागली की नंदाताई ओळ जरा लांबवायच्या, आणि बाई सावरली की पुढे जायच्या. पिंग्याला तर अख्खा हॉल टाळ्यांवर आला. बाकीची मंडळं स्पीकरवर नाचून गेली होती. परीक्षकबाई म्हणाल्या की आज खेळ जिवंत झाला. पहिला नंबर आला. नंदाताई बक्षीस घ्यायला उठल्या तेव्हा गुडघ्यांनी दगा दिला, पण चौघींनी त्यांना जवळजवळ उचलूनच नेलं. अनुपमा रडत होती आणि हसत होती.

मधुवंतीताईंनी माइकवर आभार मानले. साउंडवाल्याचे, वॉचमनचे, पिना आणून देणाऱ्या बाईंचेही. सामंत शर्ट नीट खोचून उठायच्या तयारीत बसले होते. त्यांचं नाव आलं नाही.

"मी पुसलं नसतं तर नंदाताई गायल्या असत्या का?" रिक्षात त्यांनी विचारलं.

"नसत्या."

"मग माझे आभार नकोत?"

"चोरी झाली म्हणून आपण चांगलं कुलूप घेतलं," अनुपमा म्हणाली. "चोराचा सत्कार केला होता का?"

रविवारी सकाळी मात्र मधुवंतीताई स्वतः पेढे घेऊन आल्या, आणि सामंतांच्या मनात आलं की जगात अजून न्याय आहे.

"सामंत, तुमच्याशी काम होतं," त्या बसत म्हणाल्या. "काल दुसरा नंबर आला ना, त्या मंडळाची गाणी त्यांच्या सेक्रेटरीबाईंकडे असतात. त्यांचाही लॅपटॉप फार जुना झालाय म्हणे."

"बरं."

"पुढच्या श्रावणात, स्पर्धेच्या दिवशी सकाळी, तुम्ही तो जरा दुरुस्त करून द्या."

सामंतांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार, तेवढ्यात अनुपमाने पेढ्यांचा बॉक्स उघडला.

"जातील हो," ती म्हणाली. "शनिवारी त्यांना सुट्टीच असते."