झडतीआधीची झडती

फौजदारांनी नुसतं विचारलं होतं, "पंजाबराव, हा वास कायचा येऊन राहिला हो?"

"कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाचा चीक काढून ठेवला," एवढं उत्तर दिलं असतं, तर फौजदार घोटभर चहा पिऊन सायकलवर टांग टाकून निघून गेले असते. पण सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देतील ते पंजाबराव कसले! मूर्तिजापूरच्या कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिण्यात त्यांची उभी हयात गेली होती. जो माणूस काही विचारतो त्याच्या पोटात काहीतरी काळंबेरं असतं, ही त्यांची पक्की समजूत. ते दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "वॉरंट दाखवा."

फौजदार शेषराव गावंडे चपापले. दारूबंदीचे दिवस होते, गल्लीगल्लीत कुणी ना कुणी हातभट्टी लावतच होतं. शेजारच्या जानरावनं सकाळीच ठाण्यात येऊन सांगितलं होतं, की पंजाबरावच्या घरातून आंबूस वास येतो. जानरावचा आणि पंजाबरावांचा सांडपाण्यावरून जुना तंटा, त्यामुळे फौजदारांनी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. जाता जाता चौकशी करावी, एवढाच विचार. आता मात्र त्यांच्या कपाळावर आठी पडली. ज्याच्या घरात काही नाही तो वॉरंट कशाला मागेल?

आतून भागीरथाबाईंनी दबक्या आवाजात हाक मारली, "अवो, येऊ द्या ना त्याईले! पाहून जातीन बिचारे. आज संध्याकाळच्या गाडीनं व्याही येऊन राहिले, अन् तुमी दारात पोलीस उभे करून ठेवले!"

तेही खरंच होतं. त्यांच्या लेकीच्या, शालूच्या स्थळाची बोलणी अंजनगावच्या उकंडरावांकडे चालली होती. मुलगा मास्तर, घर बरं, पण मुलाचा बाप भारी चिकित्सक. कुठं कंदिलाची काच काळी दिसली म्हणून, कुठं माठाला झाकण नव्हतं म्हणून, अशी चांगली चांगली स्थळं त्यांनी परत पाठवली होती. मध्यस्थामार्फत पत्रं झाली होती. दोन्ही बापांनी एकमेकांचं तोंड अजून पाहिलं नव्हतं. आज संध्याकाळी ते घर पाहायला येणार होते. हे स्थळ हातचं गेलं तर पुन्हा असं मिळणार नाही, ही धास्ती भागीरथाबाईंच्या पोटात महिनाभर होती.

"तू गप बस वं," पंजाबराव मागं न बघता म्हणाले. "आज घरात घुसतीन, उद्या कोठीत घुसतीन. कायदा हाये का नाही?"

"हाये ना!" फौजदार आता इरेला पेटले. "दारूबंदीच्या कामात वॉरंट लागत नाही, पंजाबराव. मले शंका आली, अन् वॉरंट आणेपर्यंत माल गायब होईन असं वाटलं, तं मी सरळ आत येऊ शकतो."

"मंग शंकेचं कारण आधी कागदावर लिहून काढा. नुसती मनातली शंका चालत नाही."

फौजदार ओट्यावर बसले आणि लिहू लागले. पंजाबराव त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. दोनच ओळी झाल्या आणि त्यांना राहवेना.

"हे काय लिहिलं? 'वास येतो म्हणून संशय आला.' बाप्पा, असा कागद मी कधी साहेबापुढं नेला नसता! लिहा... 'सदर इसमाच्या राहत्या घरातून उग्र व आंबूस दर्प येत असून, विचारणा केली असता सदर इसमाने उडवाउडवीची उत्तरे देऊन प्रवेशास हरकत घेतली...' लिहिलं? '...यावरून आत आक्षेपार्ह द्रव्य दडवून ठेवले असल्याची माझी खात्री झाली आहे.' आता सही करा."

फौजदारांनी तो मजकूर पुन्हा एकदा वाचला, आणि खरोखरच त्यांची खात्री झाली. इतका नेटका गुन्हा त्यांच्या नोकरीत त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी ताबडतोब शिपाई हुसेनला मागच्या दारावर उभं केलं.

"आता पंच," पंजाबराव म्हणाले. "प्रतिष्ठित पाहिजेत. दोन."

गल्ली एव्हाना भरली होती. वास कसला ते गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, पण फुकटचा तमाशा कोण मोडतो! जानराव लगबगीनं पुढे झाला.

"हा नाही चालणार. हा फिर्यादी."

"मी कायले फिर्याद देऊ?" जानराव म्हणाला.

"तुह्या तोंडावर लिहिलेलं हाये."

सायकलवाले अब्दुल गफ्फार पुढे आले. ते सगळ्यांशीच गोड बोलतात म्हणून पंजाबरावांना त्यांचाही संशय होता, पण नाव ठेवायला जागा सापडेना. एक पंच ठरला. दुसऱ्यासाठी जो जो पुढे येई त्यात खोट निघे. हा माझा देणेकरी, तो जानरावचा साडू, त्याच्या भावाविरुद्ध मी अर्ज लिहिला होता. सूर्य डोक्यावर चढला. शेवटी पंजाबरावांनी जाहीर केलं, "गावातला कोनीच नको. परगावचा माणूस आणा. त्याले ना माही माया, ना माहा राग."

गर्दीच्या कडेला काळा कोट, पांढरा फेटा आणि हातात छत्री घेतलेला एक गृहस्थ मघापासून मान उंचावून पाहत होता. फौजदारांनी त्याला बोलावलं. "परगावचे दिसता?"

"हो, बाहेरगावचाच."

"पंच होता?"

त्या माणसाचे डोळे चमकले. "घर आतून पाहाले भेटीन?"

"कोपरा न् कोपरा."

"मंग होतो."

इतका आनंदानं पंच झालेला माणूस पंजाबरावांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पोलिसानं पढवलेला माणूस हा! आत जाईल आणि हळूच एखादी बाटली ठेवून देईल.

"थांबा," ते म्हणाले. "झडतीच्या आधी झडती. जे जे माह्या घरात पाय ठेवतीन, त्याईची अंगझडती आधी मी घेईन. रीत आहे ती."

ती रीत खरीच होती, त्यामुळे फौजदारांना निमूट हात वर करावे लागले. त्यांच्या खिशातून रुमाल, शिट्टी आणि अर्धी सुपारी निघाली. मग गफ्फारांना हाक मारली, तर ते जागेवर नव्हते. ते मागच्या अंगणात गेले होते, कारण तिकडून शिजत्या चिकाचा खमंग वास सुटला होता. पुढच्या दारात कायदा चालला होता तेवढ्या वेळात भागीरथाबाईंनी मागं चूल पेटवून, गहू वाटून काढलेला सगळा चीक शिजवला होता. बाजेवर धोतर अंथरून कुरडयांच्या रांगा पडत होत्या. साचा फार घट्ट फिरत होता म्हणून शालूनं तो पहाऱ्यावरच्या हुसेनच्या हातात दिला होता, आणि हुसेन टोपी काढून घामाघूम होऊन साचा पिळत होता.

इकडे पंजाबराव परगावच्या पंचाच्या कोटाला भिडले. "हात वर! अजून वर! छत्री उघडा! फेटा काढा!" माणूस कासावीस झाला. "अवो, जरा सबुरीनं... आतल्या खिशात काही नाही..."

"मी आतल्या खिशाचं विचारलंच कुठं?" पंजाबरावांनी विजयी मुद्रेनं हात घातला आणि एक चपटी बाटली बाहेर काढली. बूच उघडून नाकाशी नेली. मोहाची दारू! "पाहा फौजदारसाहेब! मी म्हनत होतो ना? माह्या घरात ठेवाले आनली होती!"

"औषध हाये ते," तो माणूस पुटपुटला.

"कायचं?"

"प्रवासाचं."

फौजदारांचा चेहरा खुलला. सकाळपासून पहिल्यांदाच हाताला काहीतरी लागलं होतं. त्यांनी कागद सरसावला. "नाव? गाव?"

"उकंडराव... अंजनगाव."

पंजाबरावांनी बाटलीचं बूच घाईघाईनं परत लावलं. घर बेसावध असताना कसं दिसतं ते पाहावं म्हणून उकंडराव मुद्दाम सकाळच्याच गाडीनं आले होते. दाराआडून भागीरथाबाईंचा आवाज आला, "अगं माय! व्याही! अन् याईनं त्याईचा फेटा सोडला!"

"चला ठाण्यात," फौजदार म्हणाले. "यालेबी वॉरंट लागत नाही."

पोरीच्या सासऱ्याला बेड्या, आणि त्या आपल्या हातानं! पण पंजाबरावांची उभ्या जन्माची सवय ऐनवेळी धावून आली.

"थांबा साहेब. झडती कोनी घेतली? पोलिसानं?"

"तुमी घेतली."

"मले झडतीत माल पकडायचा अधिकार आहे का? नाही. बरं, तेव्हा पंच कोन हजर होते? एक तं हेच स्वतः. मानूस आपल्याच झडतीचा पंच होते का? दुसरे गफ्फारभाई. इचारा त्याईले, त्याईनं काय पाहिलं?"

मागच्या दारातून गफ्फार वाटी चाटत आले. "मैं तो चीक खा रहा था, साब. लय झकास झाला."

"अन् मुद्देमाल कुठं हाये?" पंजाबरावांनी विचारलं. भागीरथाबाईंनी त्यांच्या हातातून बाटली कधी ओढली आणि मोरीत कधी पालथी केली, ते त्यांनाही कळलं नव्हतं. रिकामी बाटली बाईंनी धुऊन उन्हात पालथी घातलीसुद्धा.

फौजदारांनी एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा मागून आलेल्या, चिकानं माखलेल्या हुसेनकडे पाहिलं. भागीरथाबाईंनी तूप-साखर घातलेल्या गरम चिकाची वाटी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी मुकाट्यानं ती संपवली आणि कागदावर लिहिलं, 'झडतीत आक्षेपार्ह काही मिळून आले नाही.' उकंडरावांनी सर्वात आधी सही ठोकली.

फेटा पुन्हा बांधता बांधता ते घाईघाईनं म्हणाले, "पंजाबराव, घर पसंत. पोरगी पसंत. आता काही पाहाचं राहिलं नाही."

भागीरथाबाईंनी डोळ्याला पदर लावला. पंजाबरावांची छाती फुगली. एवढ्यात कोपरापर्यंत चीक लागलेले हात घेऊन शालू पुढच्या ओसरीवर आली. आजवर तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि आताही विचारलं नव्हतं.

"बाबा, पोरगा पाहाले कधी येनार हाये?"

"येत्या ऐतवारी," उकंडरावच बोलून गेले.

"मंग त्याले सांगजा, दारातच थांबजो म्हना. झडती मी घेईन," शालू म्हणाली. "अन् मले वॉरंट लागत नाही."