जग चालू असल्याचा दाखला

जे जे निर्माण होतं ते ते एक दिवस नष्ट होतं. मात्र त्यासाठी वरिष्ठांची पूर्वपरवानगी लागते. ग्रह, तारे आणि आकाशगंगा यांना ती कोण देतं हे अजून नीटसं कळलेलं नाही. कागदांच्या बाबतीत मात्र सगळं स्पष्ट आहे. नगर कार्यालयाच्या नियमपुस्तिकेप्रमाणे 'ड' वर्गाचे कागद एक वर्ष, 'क' वर्गाचे पाच वर्षं, 'ब' वर्गाचे तीस वर्षं आणि 'अ' वर्गाचे कायम जपायचे असतात. (नियमपुस्तिका स्वतः कोणत्या वर्गात येते, हे ती सापडल्यावर सांगता येईल.)

हे कागद जपणाऱ्या अभिलेखपालांना कार्यालयात सगळे 'ग्रहण' म्हणत. त्यांना सूर्य, ग्रह, तारे यांचा नाद होता, हे त्याचं एक कारण. शिवाय ते ज्याच्या टेबलासमोर उभे राहत त्याचं काम तेवढा वेळ झाकोळून जाई. नाद म्हणजे किती, तर घरी दीड पुस्तक (दुसऱ्याचा उत्तरार्ध वाळवीने आधी वाचून संपवला होता) आणि एका व्याख्यानाला हजेरी. व्याख्यानात शनीच्या कड्यांपाशी त्यांचा डोळा लागला, त्यामुळे युरेनस आणि नेपच्यूनविषयी ते आयुष्यात कधी ठामपणे बोलले नाहीत.

सूर्याच्या या अभ्यासकाची खुर्ची तळघरात होती. तिथे एकच खिडकी, तीही फुटपाथच्या उंचीवर. तिच्यातून लोकांच्या चपला दिसत आणि दिवसातून अकरा मिनिटं ऊन येई. ते 'क' वर्गाच्या मांडणीवर पडे.

या ज्ञानाचा त्यांना संसारात फार आधार होता. बायको परिचारिका, दिवसभर रुग्णालयात उभी राहून घरी आली की म्हणे, "अहो, न्हाणीघराचा नळ अजून गळतोय." त्यावर ते शांतपणे सांगत, की पाच अब्ज वर्षांनी सूर्य फुगून लाल होईल आणि मग विझेल, त्या हिशेबात एक नळ म्हणजे काय?

"विझू दे की," ती म्हणे. "तोवर अंघोळी करायच्यात ना?"

एकतीस वर्षांत हा युक्तिवाद त्यांनी चारशेच्या वर वेळा केला आणि दर वेळी पान्हा आणायला तेच गेले. तरीही युक्तिवाद बिनतोड आहे याबद्दल त्यांना कधी शंका आली नाही.

अशात कार्यालयात नवी संगणकप्रणाली आली. प्रत्येक नोंदवहीची माहिती भरायची आणि शेवटच्या रकान्यात 'नाश करण्याचा दिनांक' लिहायचा. 'अ' वर्गाच्या पहिल्याच वहीपुढे ग्रहणांनी 'कायम' असं लिहिलं. संगणकाने ते नाकारलं. त्याला दिनांकच हवा होता.

तेव्हा ग्रहणांनी मुख्यालयाला विचारलं, की 'कायम' कोणत्या तारखेला संपतं? चार महिन्यांनी उत्तर आलं: "कायम म्हणजे जग अस्तित्वात असेपर्यंत. त्यानुसार दिनांक नमूद करून अनुपालन सादर करावे."

आयुष्यात पहिल्यांदाच कार्यालयाने त्यांना त्यांच्या आवडीचं काही विचारलं होतं. त्या दिवशी ते डबा खायचंही विसरले. दीड पुस्तक पुन्हा वाचून काढलं. सूर्याला पाच अब्ज वर्षं, हे पाठच होतं. पण समुद्र त्याच्या खूप आधी, एखाद अब्ज वर्षांत उकळून जातील असंही एका तळटीपेत होतं. समुद्र गेल्यावर जग चालू धरायचं की नाही? (या मुद्द्यावर त्यांनी पाणीपुरवठा विभागाचा अभिप्राय मागवला. "उन्हाळ्यात टंचाई संभवते," असं उत्तर आलं.) शेवटी हा सगळा ऊहापोह व्यर्थ ठरला, कारण रकान्यात वर्षासाठी चारच घरं होती. ग्रहणांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि ३१ डिसेंबर ९९९९ ही तारीख टाकली. शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'जगाचा अंत.'

घरी त्यांनी हे जरा अभिमानानेच सांगितलं.

"म्हणजे चारच घरं होती म्हणून तुम्ही सूर्य लवकर विझवलात?" बायकोने विचारलं.

"तात्पुरता," ते म्हणाले.

बारा हजार चारशे वह्यांना ती तारीख लागली. जन्म, मृत्यू, विवाह, दत्तक. नगरात जे जे म्हणून कुणाचं झालं होतं, ते सगळं. आता प्रणाली बनवणाऱ्या तंत्रज्ञाने जागा वाचावी म्हणून वर्षाचे शेवटचे दोनच आकडे धरले होते, आणि दोन नव्वांचा अर्थ त्याने १९९९ असा लावला होता. एका सोमवारी साडेदहाला यंत्रातून आपोआप आदेश बाहेर पडला: 'अ' वर्गातील सर्व अभिलेखांची मुदत संपली आहे, कारण: जगाचा अंत, दिनांक ३१ डिसेंबर १९९९, तरी ते तात्काळ नष्ट करावेत. अकरापर्यंत त्यावर तीन सह्या झाल्या होत्या. (जगाचा अंत झाल्याचं वाचूनही तिघांपैकी कुणाचा हात थांबला नाही. शिस्त म्हणतात ती ही.) दुपारी रद्दीचा ट्रक दारात उभा राहिला.

हमालांनी वह्या उचलायला सुरुवात केली तेव्हा ग्रहण खुर्चीतच होते. त्यांनी स्वतःला नेहमीचं समजावून पाहिलं: पाच अब्ज वर्षं, लाल सूर्य, त्यापुढे वह्यांचं काय घेऊन बसलात. एवढ्यात एका हमालाच्या हातातून मृत्यूची एक जाडजूड वही निसटली आणि उघडीच पडली. ती उचलायला ते वाकले. ती कोणत्या सालची आहे हे त्यांना पुठ्ठ्याच्या रंगावरूनच कळलं होतं. तिच्यात सत्तराव्या पानावर त्यांच्या थोरल्या बहिणीची नोंद होती. ती त्यांच्या जन्माच्या दोन वर्षं आधी आली आणि अकराव्या दिवशी गेली. तिचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं, फोटो नव्हता, आणि आईने तिचा विषय कधी काढला नाही. आई गेल्यावर जगात तिचा पुरावा म्हणून ही एक ओळ तेवढी उरली होती. अभिलेखपाल झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती शोधली होती, आणि ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती.

वही छातीशी धरून ते जिना चढले आणि ट्रकसमोर जाऊन उभे राहिले. असल्या कामाची त्यांना सवय नव्हती.

"साहेब, बाजूला व्हा, आदेश आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"आदेशात कारण काय दिलंय?"

ड्रायव्हरने कागद लांब धरून वाचला. "जगाचा अंत."

"मग अंत झाल्याचा दाखला कुठे जोडलाय?"

ड्रायव्हरने कागद उलटा करून पाहिला. दाखला नव्हता. अधीक्षकांना खाली बोलावलं गेलं. त्यांनी आदेश तीनदा वाचला, मान वर करून आकाशाकडे पाहिलं (ते स्वच्छ होतं, पण त्यावर विसंबता येत नाही) आणि म्हणाले, "सहपत्राशिवाय कार्यवाही करता येणार नाही. माल उतरवा." हमालांनी ग्रहणांकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन इथे करत नाही. संध्याकाळपर्यंत ग्रहणांनीही त्यांच्याबरोबर वह्या वाहिल्या. घरी गेल्यावर त्यांनी बायकोला पहिल्यांदाच बहिणीविषयी सांगितलं. ती म्हणाली, "उद्या मला दाखवा ती वही."

जगाचा अंत झाला की नाही हे ठरवायला त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली. समितीने कुठे लांब न जाता नगर कार्यालयाचीच पाहणी केली. चौदा टेबलांपैकी नऊ टेबलांवर मनुष्य आढळला नाही. उरलेल्या पाचांपैकी दोघांकडून हाक मारूनही प्रतिसाद मिळाला नाही. एका अर्जाला सहा वर्षं उत्तर गेलेलं नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं, ते कधी बंद पडलं हे कुणाला सांगता आलं नाही. समितीने निष्कर्ष काढला, की जग १९९९ साली संपलं असावं हे नाकारण्याइतका पुरावा प्रथमदर्शनी उपलब्ध नाही. तथापि, एखाद्या नागरिकाने स्वतःपुरतं जग चालू असल्याचं सिद्ध केल्यास त्याला तसा दाखला देण्यास हरकत नसावी. सर्व नागरिकांचे अर्ज निकाली निघेपर्यंत प्रकरण विचाराधीन राहील, आणि विचाराधीन प्रकरणातले कागद नष्ट करता येणार नाहीत.

अहवाल वाचून ग्रहणांनी तळघरात एकट्यानेच टाळी वाजवली. सूर्यापेक्षा जास्त टिकणारी वस्तू विश्वात आहे का, हा त्यांचा जुना प्रश्न सुटला होता. विचाराधीन प्रकरण.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या खिडकीपासून फाटकापर्यंत रांग लागली. ग्रहणही नियमाप्रमाणे रांगेत उभे राहिले, सत्याऐंशीवा नंबर. एक शिक्षिका शाळेत जाता जाता थांबल्या.

"कशाची रांग आहे हो?"

"जग चालू असल्याचा दाखला."

"तो कुठे लागतो?"

"अजून तरी कुठे लागत नाही."

"मग एवढे लोक कशाला उभे आहेत?"

"उद्या कुणी मागितला तर?"

शिक्षिकाबाईंनी घड्याळ पाहिलं, शाळेकडे पाहिलं आणि ग्रहणांच्या मागे उभ्या राहिल्या.

तुम्ही इथवर हसत आला असाल तर उत्तमच. पण मध्येच कुठेतरी 'आपल्यालाही लागेल का हा?' असं मनात येऊन गेलं असेल, तर संकोच करू नका, सगळ्यांनाच वाटतं. खिडकी साडेदहा ते एक उघडी असते. अर्जासोबत तीन फोटो, राहत्या पत्त्याचा पुरावा, आणि तुम्ही नसलात तर ज्यांना फरक पडेल अशा दोन व्यक्तींच्या सह्या लागतात. फोटो आणि पत्ता यांची सहसा अडचण येत नाही.