संघ चालू ठेवावा किंवा कसे

धावणाऱ्याला पायातला चेंडूसुद्धा धड दिसत नाही आणि बसलेल्याला सगळं मैदान दिसतं, हा निसर्गाचा नियम आहे. त्यामुळे खेळाबद्दल बोलायला खेळाडू मुळातच अपात्र ठरतो. धाप लागलेला माणूस काय डोंबलाचं मत देणार? त्यासाठी शांत श्वास, पाठीला उशी आणि हाताशी रिमोट लागतो. या तिन्ही गोष्टी आमच्या साडूंकडे गेली सत्तावीस वर्षं आहेत.

साडू (बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्यांच्यासमोर मी जांभईसुद्धा विचारून देतो) वजनमापं निरीक्षक आहेत. दुकानोदुकानी जाऊन दुसऱ्यांचे तराजू खरे की खोटे हे बघून शिक्का मारतात. मी कॉलेजच्या कार्यालयात हेडक्लार्क आहे. सभा कुणाचीही असो, इतिवृत्त माझ्याच हातचं. समोर कोणी बोलायला लागलं की मोजायची मला खोड आहे, त्याला माझा इलाज नाही.

एका रविवारी त्यांच्याकडे बसून मी एका व्यावसायिक सामन्यातली त्यांची मतं मोजली. नव्वद मिनिटांत दोनशे चौदा. प्रशिक्षकाच्या अकलेवर एकसष्ट, रेफरीच्या डोळ्यांवर चाळीस, रेफरीच्या आईवर दोन (सासूबाई खोलीत आल्यामुळे मागे घेतली), उरलेली बचावफळीवर. त्यांपैकी तीन खरी ठरली. त्यातलं एक 'आता मध्यंतर होईल' हे होतं. तीन म्हणजे काही थोडी नव्हेत, मला उभ्या जन्मात एवढी जमलेली नाहीत.

त्यांची भूमिका पक्की आहे. व्यावसायिक खेळाडू जीव तोडून खेळत नाहीत, कारण त्यांना पैसा मिळतो. कॉलेजचे खेळाडू जीव तोडून खेळत नाहीत, कारण त्यांना पैसा मिळत नाही. ही दोन मतं एकमेकांना जरा काटतात असं मी एकदा धीर करून म्हणालो. तुम्ही कधी फुटबॉल खेळलायत का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो आणि विषय संपला. खेळले तेही नव्हते, पण आधी त्यांनी विचारलं होतं.

भाषेवरही त्यांची हुकमत आहे. टीव्हीवरचा त्यांचा संघ जिंकला की प्रथम पुरुष: 'आपण मारलं.' हरला की तृतीय पुरुष: 'या लोकांनी घालवलं.' बरोबरी झाली तर कर्ता गुल: 'गोल व्हायला हवा होता.' आणि प्रत्येक पराभवाचा समारोप एकाच वाक्यानं होतो, 'बंद करून टाका असला संघ!' या मोसमात त्यांनी तो संघ एकोणीस वेळा बंद केला. पुढच्या रविवारी तो टीव्हीवर पुन्हा हजर असतो, कोडगा कुठला.

त्यांची मुलगी, म्हणजे आमची भाची, आमच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. ती मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. पोरीची उंची पाच फूट एक इंच, गोलची आठ फूट. मधला फरक ती उडी मारून भरून काढायची, आणि उडीनंतर खाली जमीनच असल्यामुळे तिची कोपरं बारा महिने सोललेली. औषध लावून घ्यायला ती आमच्याकडे यायची, कारण तिच्या घरी मॅच चालू असायची. तिचे सामने रविवारी चार वाजता, टीव्हीवरचेही चार वाजता. साडूंचा मुलीवर जीव आहे, हे मी शपथेवर लिहून देईन. पण ते खुर्चीवरून उठले की टीव्हीवरचा संघ हरतो, असा पूर्वानुभव आहे. (उठले नाहीत तरी हरतो, पण मग निदान ठपका त्यांच्यावर येत नाही.)

गेल्या महिन्यात प्राचार्यांनी परिपत्रक काढलं. मैदानावर पार्किंग करण्याचं घाटत होतं. मुलांच्या संघाला दुसरं मैदान मिळणार होतं. मुली लागोपाठ चार सामने हरल्या असल्यामुळे 'मुलींचा संघ चालू ठेवावा किंवा कसे' यावर पालकांची मतं मागवली होती. हजर पालकाला एक मत, बहुमताचा निर्णय अंतिम, एकदा नोंदवलेलं मत मागे घेता येणार नाही.

इथे भाषेची एक अडचण सांगायला हवी. आपल्याकडे तोंडातून निघतं तेही मत आणि पेटीत पडतं तेही मत. पहिल्याला कोणी विचारत नाही, दुसरं मोजलं जातं. सत्तावीस वर्षं पहिल्या प्रकारात काढलेल्या माणसाला दुसरा प्रकार असतो हे आठवत नाही, यात त्याचा तरी काय दोष?

मुलीला मात्र बापाची पुरती ओळख होती. सभेच्या दारात तिनं त्यांची कॉलर सारखी केली आणि म्हणाली, "बाबा, फक्त 'चालू ठेवा' एवढंच म्हणा. दोन शब्द. मग लगेच खाली बसा."

"अगं, मी काय परका आहे?" साडू म्हणाले. ते खरोखर तेवढंच म्हणायला आले होते. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, तेही सामना सोडून.

नऊ पालक हजर होते. चौघांनी गुडघे, अभ्यास आणि ऊन ही कारणं देऊन 'बंद' म्हटलं. चौघांनी 'चालू' म्हटलं. नववे साडू. प्राचार्यांनी चष्मा वर करून अदबीनं विचारलं, "आपलं मत?"

हे घात करणारं वाक्य होतं. आजवर साडूंनी लाखभर मतं दिली असतील, पण त्यांतलं एकही त्यांना कोणी विचारलं नव्हतं. माणूस हरखून गेला. उठले, घसा साफ केला आणि सतरा मिनिटं बोलले. बचावफळीला पडलेली भगदाडं, प्रशिक्षकाची अक्कल, पैशानं माजलेले व्यावसायिक, पैशावाचून सुस्तावलेले कॉलेजवाले, काही म्हणता काही सोडलं नाही. दोन पालक माना डोलवायला लागले तसा त्यांना जोर चढला, आणि शेवटी टेबलावर थाप मारून ते म्हणाले, "माझं स्पष्ट मत विचाराल, तर बंद करून टाका असला संघ! आणि मुळापासून नव्यानं उभा करा!"

"मत नोंदवा," प्राचार्य मला म्हणाले.

मी नोंदवलं. वाक्याचा पहिला भाग मताच्या रकान्यात गेला. दुसरा भाग सूचना असल्यामुळे सूचनांच्या रकान्यात गेला. (त्या रकान्यातल्या बाबी कॉलेजच्या स्थापनेपासून विचाराधीन आहेत.) पाच विरुद्ध चार. साडू खाली बसले आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. माझ्याकडे वाकून अगदी बारीक आवाजात म्हणाले, "अहो, मला काय म्हणायचं होतं ते तुम्हाला कळलं ना?"

मला चांगलंच कळलं होतं. पण काय म्हणायचं होतं याला इतिवृत्तात रकाना नाही, आणि माझ्या नोकरीची अजून सहा वर्षं बाकी आहेत. मी तारीख घातली आणि सही घेतली.

दुसऱ्या दिवशी भाची सामान जमा करायला माझ्या खिडकीशी आली. हातमोजे जोडी एक, जर्सी एक नंबरची एक. मी पावती केली. पावती घेऊनही ती हलेना.

"काका, बाबा माझ्याबद्दल काय म्हणाले?"

मी इतिवृत्त काढून दोनदा वाचलं. सतरा मिनिटांत गोलकीपरचा उल्लेख नव्हता. तसं सांगितलं.

"म्हणजे संघात तेवढं एकच बरं असणार," ती म्हणाली आणि पावतीची नीट घडी घालून निघून गेली. मला त्यानंतर तासभर एक आकडा धड लिहिता आला नाही. बेरीज चुकायला लागली तसा डबा उघडून जेवून घेतलं.

साडूंचं मत आता असं आहे की आपल्या समाजाला खेळाची कदरच नाही. ते त्यांनी मला आतापर्यंत अकरा वेळा सांगितलं. दर वेळी आवाज आधीपेक्षा थोडा खाली असतो.

एव्हाना या प्रकरणात चूक कोणाची, याबद्दल तुमचंही मत झालेलं असणार. साडूंची म्हणा, प्राचार्यांची म्हणा, माझी म्हणा, मी बिनतक्रार लिहून घेईन. मात्र नियमाप्रमाणे मताआधी हजेरी तपासावी लागते. मुलींच्या शेवटच्या सामन्याला प्रेक्षक एकंदर सहा होते, आणि सहाही नावं माझ्याकडे आहेत. त्यात माझं नाही. तुमचंही मी दोनदा शोधलं.